गजराअक्कांची दुपारची शाळा

माझ्या पहिल्याच ग्रामसभेत शाईचा पॅड सापडेना. ग्रामसेवक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो, वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या अंगाला असलेल्या एका लहान गावात. हजेरीच्या रजिस्टरवर म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घ्यायचे होते. मी टेबलाचे खण उपसले, शिपायाला दोनदा कपाटाकडं पिटाळलं. सरपंच गजराअक्का शेजारच्या खुर्चीत शांतपणे बसून होत्या. शेवटी मांडीवरची कापडी पिशवी जरा घट्ट धरत त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, पॅड माझ्यापाशी हाय, पन तो मिळायचा न्हाई. ज्याला सही येत न्हाई त्यानं सोमवारी दुपारी देवळात यायचं."

नियमात हे बसत नाही, असं मी त्यांना हळूच सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. त्या दिवशी अंगठेवाल्यांची नावं मीच लिहून घेतली. या बाईंशी आपलं काही जमायचं नाही, असं मनात म्हणत घरी गेलो. पुढं अकरा वर्षं मी त्या गावात काढली. बदलीची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा मी ती टाळली.

अक्का ठेंगण्या, सावळ्या. नऊवारीचा काष्टा घट्ट आणि चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. त्या स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत निरक्षर होत्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेही त्यांनीच सांगितलं, पंचायतीच्या ओट्यावर चहा पिताना.

जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून त्या पहिल्यांदा सरपंच झाल्या. कारभार मालक आणि चार पुरुष पाहायचे. कागद घरी यायचे, अक्का भाकरीच्या पिठाचा हात पुसून अंगठा द्यायच्या. अशाच एका कागदानं पुण्याच्या कुणा बंगलेवाल्याला तारेचं कुंपण घालायला गावाची ना-हरकत मिळाली. धनगरवाड्यावरची माणसं ज्या वाटेनं शेरडं-मेंढरं पाण्यावर आणायची, ती वाटही कुंपणाच्या आत गेली. वाड्यातले धोंडिबा म्हणजे तिथले जाणते. ते कागदाची नक्कल घेऊन अक्कांच्या दारात आले. तुमच्या अंगठ्यानं आमची वाट गेली, म्हणाले. अक्का म्हणाल्या, असं मी कधीच काही केलं नाही. धोंडिबांनी कागद पुढं केला. आता कागद मधे आणि दोघं दोन्हीकडं. त्यांना वाचता येईना आणि यांनाही येईना. अखेर शाळेतल्या बाईंना बोलावलं. बाईंनी वाचून दाखवलं, तेव्हा अक्कांना समजलं की आपण काय करून बसलो आहोत.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या डोंगर चढून वाड्यावर गेल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अंगठा माझाच हाय. वाचल्याबिगर दिला, ही चूक मालकाची न्हाई, माझी." धोंडिबा उठून मेंढरांकडं गेले.

मग अक्का शाळेतल्या बाईंकडं बसू लागल्या. लोक हसले. मालक महिनाभर नीट बोलले नाहीत. वाचता येऊ लागलं तसे त्यांनी स्वतः कागद काढले, वेल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले. तीन वर्षांनी कुंपणाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढी पट्टी मोकळी झाली. त्याचा ठराव ग्रामसभेत त्यांनी स्वतः वाचला, अडखळत, पण शेवटपर्यंत. धोंडिबा त्या वाटेनं जाऊ लागले, तरी अक्कांशी बोलणं मात्र नव्हतंच.

देवळातली दुपारची शाळा त्यातून निघाली. अक्कांचा 'अ' अननसाचा नव्हता. अननस इथं कुणी पाहिलाय, असं त्या विचारायच्या. पहिला धडा म्हणजे एसटीवरची पाटी: वेल्हे, भोर, स्वारगेट. दुसरा धडा गोळ्यांचं पाकीट, तिसरा विजेचं बिल. "आधी कामाचं अक्षर, मग शोभंचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्तरीतली एक आजी एकदा एकटी भोरला लेकीकडं जाऊन आली. कुणाला न विचारता बरोबर गाडीत बसले, एवढंच ती आठवडाभर सांगत होती. अक्कांनी तिला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

धोंडिबा सगळ्यांत शेवटी आले. खांबाला टेकून बसले आणि सावलीला आलोय म्हणाले. चार महिन्यांत त्यांना नाव लिहिता येऊ लागलं. वर्षभरात ते पेपरातल्या ठळक ओळी वाचू लागले.

पुढं अक्का पंचायत समितीवर निवडून गेल्या. वाड्या-वाड्यांवर, अगदी भोरच्या हद्दीपर्यंत, दुपारचे वर्ग सुरू झाले. तिथंच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. धडा संपला तरी म्हातारी माणसं उठत नाहीत. घरी लवकर जावं असं कुणालाच वाटत नाही. "भाकरी समद्यांला मिळतीया भाऊसाहेब," त्या मला म्हणाल्या, "पुसनारं मानूस न्हाई." पंचायतीशेजारचं जुनं गोदाम साफ करून त्यांनी विरंगुळा केंद्र काढलं. दुपारी चहा, पेपर, आठवड्याला रक्तदाब पाहायला नर्सबाई आणि दवाखान्याला न्यायला एक टेम्पो. टेम्पोत आपण पुढं बसायचं नाही, हा त्यांचा नियम. मागं म्हाताऱ्यांमधे बसायच्या, वळणावर त्यांना धरायला.

त्याच टेम्पोतून त्यांनी धोंडिबांना मोतीबिंदूच्या शिबिराला नेलं. त्यांच्या एका डोळ्याची नजर आधीच गेलेली होती. ते यायला तयार नव्हते. अक्कांनी आठ दिवस पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. पुण्याला हलवलं, पण नजर वाचली नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यांनी टेम्पोत बसणं सोडलं. अक्कांनी केंद्राला कुलूप लावलं. मी घरी गेलो तर त्या चुलीपुढं बसलेल्या. चूल विझलेली. मी काहीबाही समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आदी त्यांची वाट घेतली, आता डोळा घेतला."

नवव्या दिवशी त्या वाड्यावर निघाल्या, मी बरोबर गेलो. धोंडिबा उन्हात घोंगडीवर बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं असावं. अक्का समोर मातीतच बसल्या. मग धोंडिबांनी घोंगडीखालून पेपर काढला, शिबिराला जायच्या आधीचा, घडी मोडलेला.

"अर्धाच वाचून झाला व्हता," ते म्हणाले. "अक्का, फुडचं तू वाच."

इतक्या वर्षांत त्यांनी अक्का म्हणून हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. अक्कांनी वाचायला सुरुवात केली. अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिल्या. दुसऱ्या दिवशी केंद्राचं कुलूप निघालं. त्यानंतर रोज दुपारी धोंडिबांची नातसून हात धरून त्यांना केंद्रात आणून सोडी आणि अक्का त्यांना पेपर वाचून दाखवत. पुढच्या शिबिराच्या वेळी टेम्पोत कुणी चढेना, तेव्हा धोंडिबाच बोलले, "माझा गेला म्हनून तुमी का आंधळं ऱ्हाता? बसा." आणि सोबत म्हणून स्वतः टेम्पोत बसले.

अक्का गेल्या त्या गेल्या थंडीत, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. शोकसभेला डोंगरातून माणसं आली. एका पुढाऱ्यानं केंद्राला अक्कांचं नाव द्यायचं, दारावर संगमरवरी पाटी बसवायची असं सुचवलं. टाळ्या झाल्या. मी ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात धोंडिबा काठी टेकत उभे राहिले.

"पाटी म्या वाचनार न्हाई," ते म्हणाले. "त्यापरीस दाराला तीन पायऱ्या हायत, तितं धरायला कठडा लावा. परवा अनसाबाई घसारली."

मग पुढाऱ्यानंच मान डोलावली आणि मी लिहिलेली ओळ खोडून नवी लिहिली.

कठडा बसला. केंद्राला अजून नाव नाही. माझी बदली झाल्यावर मध्यंतरी मी त्या गावाला गेलो होतो. दुपारची वेळ होती, अनसाबाई एका हातानं कठडा धरून सावकाश पायरी चढत होत्या. कुठं निघालात, म्हणून मी विचारलं.

"कुठं म्हंजी?" त्या म्हणाल्या. "अक्काकडं."