तेवीस गुणिले चौदा

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते केळुसकर सरांमुळे. त्यांनी मला वेंगुर्ल्याला आपल्या घराच्या पडवीत ठेवून घेतलं, जेवू घातलं, मॅट्रिक केलं आणि कॉलेजात धाडलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! (माझ्याआधी आमच्याकडे सही येणारा माणूसही कौतुकाचा होता.) त्यामुळे मी वालावलजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर झालो, तेव्हा सरांनी कळवलेली प्रत्येक नवी पद्धत वापरायचीच असं ठरवून टाकलं होतं.

ही पद्धत गुणाकाराची होती. तेवीसचे वीस आणि तीन करायचे, चौदाचे दहा आणि चार. चार चौकटी आखायच्या, प्रत्येकीत छोटा गुणाकार करायचा आणि शेवटी बेरीज. शाळेचा फळा सुपाएवढा, म्हणून एका रविवारी मी चौथीचा वर्ग आमच्या घरापुढच्या खळ्यातच भरवला. आईने ते आदल्या दिवशी शेणाने सारवलं होतं, कारण दुपारी रेडीची माणसं माझ्या बहिणीला, सुमाला, बघायला यायची होती. दोन स्थळं आधीच हातची गेली होती. हे तिसरं जमलंच पाहिजे, असं बाबा रोज देवाला आणि मला बजावत होते.

सारवलेल्या खळ्यावर चुन्याच्या रेषा काय उठून दिसल्या म्हणता! "आता प्रत्येक चौकट वेगळ्या रंगाने भरा," मी पोरांना म्हणालो. रंग कुणाकडे होते? पोरं पळत जाऊन घरून हळद, कुंकू, चुलीतली राख आणि कोळशाची पूड घेऊन आली. जेवणासाठी आणलेला काळा कोंबडा आईने शेजारच्याच खुंटाला बांधला होता.

पाहुणे होडीने दुपारी यायचे होते. पण होडी भरतीचं ऐकते, आमंत्रणाचं नाही! सकाळीच बेड्याशी, म्हणजे आमच्या फाटकाशी, रेडीची माणसं उभी राहिली. पोरं पसार झाली आणि चौकटींसमोर उकिडवा बसलेला, मुठीत कुंकू घेतलेला मी एकटा उरलो.

"पावण्यांनू, येवा, येवा!" बाबा धावत आले.

नवऱ्यामुलाचे काका हलले नाहीत. त्यांनी चौकटींकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यां काय?"

"गुणाकार," मी म्हणालो.

"कोणावर केलंस?"

"तेवीसवर."

"तेवीस कोण?"

आता खरा शिक्षक गोंधळलेल्याला समजावून सांगतो. मी उभा राहिलो आणि शाळेतल्या शुद्ध भाषेत सांगू लागलो, "त्याचं असं आहे काका, अख्खा झेपत नाही, म्हणून आधी त्याचे तुकडे करायचे."

नवरामुलगा दोन पावलं मागे सरला.

"मग एकेक तुकडा एकेका चौकटीत टाकायचा. म्हणजे मुलांनासुद्धा सहज जमतं!"

"पोरांक पण शिकवलंस?" काकांचा आवाज चिरका झाला. "आणि तो कोंबो?"

"तो तुमच्यासाठीच आहे!" मी अगत्याने म्हणालो.

आतून सुमाचा रडका आवाज आला, "दादा, जळो तुझो गुणाकार!"

काका म्हणाले, "मी ह्या ओलांडूचो नाय. आधी देवाक गाऱ्हाणा घाला."

मग बाबांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, माझ्या शिकलेल्या झिलान हयसर जां काय मांडल्यान, ता मागे घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीही ओरडलो. सर्वांत मोठ्याने!

"त्या तेविसाचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईने शेणाचा हात फिरवून उत्तर येण्याआधीच गुणाकार पुसला. कोंबडा देवाच्या नावाने सोडून दिला आणि पाहुण्यांना वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार वाढलं. काका कोपऱ्यात आपल्या माणसांशी कुजबुजत होते. ते मला पाणी वाढताना ऐकू आलं: "चेडू बरा आसा. आणि ह्या घराक नाय म्हणान चलाचा नाय. मास्तर खळ्यातच बसता!"

लग्न जमलं. सुमाला सासरी कुणी कधी आवाज चढवून बोललं नाही. कुणी चढवायला लागलंच, तर ती नुसतं म्हणते, "दादाक कळवू?"

पाहुणे गेले त्याच रात्री मी सरांना पत्र लिहिलं होतं:

"ती. सरांस सा. न. वि. वि. आपली चौकटींची पद्धत येथे अपेक्षेपेक्षा फार प्रभावी ठरली. पाहुण्यांनी सुमाला पसंत केले. भागाकाराचीही अशीच एखादी पद्धत आपल्याकडे असेल, तर कृपा करून तूर्त कळवू नये. सुमाच्या पाठच्या दोघी अजून उजवायच्या आहेत."