पेच्चियम्माच्या दोन पुड्या

मदुराईच्या फूलबाजारात पेच्चियम्मासारखं भराभर गजरे ओवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिच्या तोंडाला लागायला तर कुणी धजतच नसे. तिची मुलगी कयलविळी संख्याशास्त्रात पदवीधर झाली, एका इस्पितळात आकडेमोडीच्या नोकरीला लागली, तरी बाजारात तिची ओळख ‘पेच्चीची पोर’ हीच.

त्या आठवड्यात कयलला चेन्नईच्या दोन कॉलेजांतून बोलावणं आलं. एकात डेटा सायन्स, दुसऱ्यात क्वांटिटेटिव्ह फायनान्स. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कुठलं तरी एक कळवायचं होतं.

“पहिल्यात काय शिकवतात?” पेच्चियम्मानं विचारलं.

“आकड्यांतून अर्थ काढायला. कुठला रोगी औषध अर्धवट सोडेल, हे आधीच ओळखता येतं. इस्पितळवाले म्हणतात, शिकून ये, तुझी जागा ठेवतो.”

“आणि दुसऱ्यात?”

कयल घुटमळली. “भाव. तो का चढतो, का पडतो, धोका किती पत्करावा...”

“म्हणजे तुझ्या अप्पांचंच दुकान, इंग्रजीतून!”

कयलचे वडील करुप्पय्या एकेकाळी मल्लीचे, म्हणजे मोगऱ्याचे, मोठे व्यापारी. एका लग्नतिथीच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजारातली निम्मी मल्ली उचलली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून मल्लीच्या गाड्याच्या गाड्या आल्या. भाव कोसळला आणि पोतीच्या पोती फुलं उकिरड्यावर गेली. अप्पा घरी बसले ते बसलेच. पेच्चियम्माच्या गजऱ्यांवर घर चाललं, पोर शिकली. तिनं भावाच्या नावानं बोटं मोडली तर तिला दोष कोण देणार?

पण कयलचा जीव भावातच अडकलेला. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर ती रोजचा मल्लीचा भाव लिहायची. तिथी, धुकं, पाऊस शेजारी मांडून उद्याचा अंदाज बांधायची. अंदाज चुकला की दिवसभर तिला दुसरं काही सुचत नसे. इस्पितळातलं काम चांगलं होतं, पण त्यापायी ती कधी जेवण विसरली नव्हती. आणि हे आईला सांगायची तिची छाती नव्हती.

“देवीला विचारू,” पेच्चियम्मानं फर्मावलं.

शुक्रवारी सकाळी मारियम्मनच्या देवळात तिनं पाठमोरी होऊन केळीच्या पानाच्या दोन पुड्या बांधल्या. एकीत पांढरी मल्ली, दुसरीत तांबडी कण्हेर. “पांढरं आलं तर इस्पितळाचं शिक्षण. तांबडं आलं तर तुझा तो भाव. डोळे मीट आणि उचल.” पुजाऱ्यानं पुड्या देवीच्या पायाशी ठेवल्या.

कयल वाकली आणि थबकली. डावीकडून मल्लीचा वास सरळ नाकात शिरला. कौल लावायचा आणि पुडीत मल्ली बांधायची, तीही फूलबाजारात वाढलेल्या पोरीसाठी! अम्मा घाईत चुकली बिचारी, कयलला वाटलं. डावी उचलली तर अम्मा सुखी होणार होती. उजवी उचलली तर अम्मा म्हणणार होती, देवीची मर्जी, आणि भांडण आपोआप मिटणार होतं. तिनं उजवी उचलली.

“तांबडं!” पुजारी म्हणाला. “देवीनं कौल दिला!” पेच्चियम्मानं निमूट हात जोडले. ते जोडलेले हात पाहून कयलला स्वतःची भयंकर लाज वाटली.

देवळाच्या पायऱ्या उतरताना तिला राहवेना. “अम्मा, देवीनं नाही दिलं ते. मला मल्लीचा वास आला होता. मी जाणूनबुजून दुसरी उचलली.”

“ठाऊक आहे. तीस वर्षं मल्ली ओवतेय मी. माझं नाक काय गहाण पडलंय?”

“मग बांधलीस कशाला?”

“तू काय उचलतेस ते बघायला. आणि उचलल्यावर काय बोलतेस ते ऐकायला.” पेच्चियम्माचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “तुझे अप्पा आजतागायत म्हणतात, देवी रुसली. ‘मी चुकलो’ एवढं एकदा म्हणाले असते ना, तर दुसऱ्या दिवशी बाजारात उभे राहिले असते गं.”

कयलला रडू कोसळलं. आईनं पदरानं तिचं तोंड खसाखसा पुसलं.

“रडतेस काय? कळव त्या भाववाल्यांना, येते म्हणून. आणि पडलीस, तर देवीचं नाव घ्यायचं नाही.”