मधली बादली

जनावराच्या मनात शिरण्याची कुस्ती असती, तर बारामती-इंदापूर टापूतली झाडून सगळी मैदानं माझ्या बायकोच्या मामांनीच मारली असती. मी तेव्हा, म्हणजे नव्वद सालानंतर, वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रविवारी स्कूटरवरून लासुर्ण्याला त्यांच्याकडे गेलो, की आधी शेळीच्या तब्येतीची चौकशी करावी लागे, मग मामींच्या.

मामांची परीक्षा ठरलेली. उजवीकडच्या बादलीत रोज पेंड, डावीकडची रोज रिकामी. जनावराला हे पाठ झालं, की एक दिवस बरोबर मधोमध बादली ठेवायची. पळत आलं तर उमेदीचं, घुटमळलं तर खचलेलं! स्वतः मामा नको इतके उमेदीचे. फाटक वाजलं की ओरडत, "पाव्हणं आलं! च्या टाका!" बहुतेक वेळा कुत्रं असायचं. मग तो चहा मामाच पीत.

नवा गोठा बांधला आणि त्यांची लाडकी म्हैस चंद्री अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. दूध आटलं. मधल्या बादलीकडे ती बघेना. बाजारातला व्यापारी मामांना म्हणाला, "तात्या, म्हस आळशी हाय. इकून मोकळं व्हा."

"आळशी न्हाय वो. तिला वाटतंय, बादली रिकामीच असंल."

व्यापाऱ्याने भाव वाढवला, मामा डळमळले. तेवढ्यात मामी कडाडल्या, "म्हस कुटं जायाची न्हाय! त्या कोपऱ्यात तुमाला बांधलं, तर तुमी तरी याल का बादलीकडं?"

त्याच संध्याकाळी चंद्री फाटकाजवळच्या लिंबाखाली आली. मामींनी खाली कोरडं पाचट पसरलं, रोज पाठ खाजवली. पुढे एका रविवारी माझ्यादेखत मामांनी मधोमध बादली ठेवली. चंद्री तरातरा आली आणि डोळ्यांपर्यंत तोंड आत! मामांनी पेढे वाटले. माझ्या पेढ्यातला अर्धा काढून चंद्रीला दिला.

मामी गेल्या, त्यानंतर एकदा मी लासुर्ण्याला गेलो. फाटक वाजवलं. आतून बाजेवरून मामांचा आवाज आला, "वारा असंल."

माझा हात कडीवरच राहिला. लिंबाखाली चंद्रीने कान टवकारले आणि माझ्याकडे बघून हळूच हंबरली.

बाज करकरली.

"कोन हाय म्हन्तीस, चंद्रे?" मामांच्या चपला सरकल्या. "बरं बया, असंल. च्या टाकतो."