मार्थाबाईच्या वाती

मार्थाबाई कुलूप उघडायच्या आधी शटरला कपाळ लावून उभ्या राहायच्या. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, मुठीत किल्ली. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. आम्ही बाया मागे डबे घेऊन उभ्या. मग त्या एकदम वळून म्हणायच्या, "चला वं मायांनो, कापूस वाट पाहून राह्यला," आणि शटर वर जायचं.

मी तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघत असायची. माझं नाव पंचफुला. ते घेताना ओठ मिटतात. त्यांचे ओठ मिटले की मला वाटायचं, माझंच नाव घेतलं. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव घेऊन मंत्र टाकते म्हणतात थे. तुह्यं नाव घेते का, पाहत जाय." प्रभू म्हणतानाही ओठ मिटतात, हे मला फार उशिरा सुचलं.

बोरीला बसथांब्याच्या मागे त्यांची एक लांब खोली होती. तिथे आम्ही नऊ बाया देवाच्या वाती करायचो. लांब वाती, फुलवाती आणि कार्तिक आला की त्रिपुरवाती. लांब वातीला पुढे मशीन आलं, फुलवाती मात्र हातानेच. आमचा माल दारव्ह्याला जायचा, दिग्रसला जायचा, यवतमाळच्या दुकानांत दिसायचा. आणि हे सगळं करणारी बाई ख्रिस्ती.

त्या मला कामाला बोलवायला स्वतः घरी आल्या होत्या. शेजारणीच्या देवघरात मी वळलेल्या वाती त्यांनी पाहिल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, पण त्या गेल्यावर कप दोनदा घासला. "आपल्या देवाशी तिचं काय काम?" त्या म्हणाल्या. "ख्रिस्ती बाई वाती कायले करते? काहीतरी असल्याबिगर कोणी करते का?" आमच्या घरचे मालक दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप चालवतात, त्यांना बोलायला वेळ नसतो. ते म्हणाले, "जाऊन पाय. नाई पटलं तर ये वापस." म्हणून मी गेले. पण डोळे उघडे ठेवून गेले.

आणि संशय यावा अशा गोष्टी तिथे पुष्कळ होत्या. चहा फुकट. आजारी पडलं की बाई घरी हजर. ज्या दिवसांत आमच्यात बायका वातीला हात लावत नाहीत, त्या दिवसांत त्या न विचारताच लेबलं लावायचं काम द्यायच्या. ह्यांना कसं कळतं, असं मला वाटायचं. मी चौथी शिकलेली, म्हणून लेबलाचं काम माझ्याकडे जास्त यायचं. त्यावरची अक्षरं मी रोज नीट वाचायची. काही वेगळं छापलं आहे का ते बघायला. काही नसायचं. 'शुद्ध कापूस' एवढंच.

रविवारी खोली बंद. कार्तिकाच्या तोंडावर सगळ्या गावात घाई, आणि आमच्या शटरला कुलूप. बेबी आमच्यात सगळ्यांत बोलकी. ती एकदा म्हणालीच, "बाई, एका रविवारानं काय होते वं? दिग्रसचे शेटजी बोंबलून राह्यले."

"शेटजीले सोमवार आहे, मंगळवार आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "प्रभूले एकच दिवस देतो आपण. त्यातही काटामारी करू का?"

त्यांची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. त्यांचे यजमान दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते वारले तेव्हा घरात मूल नाही, हातात काम नाही. मार्थाबाई रोज चर्चमध्ये जाऊन बसायच्या. यजमानांच्या जुन्या सदऱ्याला चिकटलेली रुई त्या सोबत न्यायच्या आणि प्रार्थना करता करता मांडीवर वळत बसायच्या. "हात रिकामे राह्यले का रडू येये," त्या म्हणायच्या. वळलेल्या वाती ओटीत साठल्या. एकदा शेजारच्या वहिनींनी त्या पाहिल्या आणि देवघरासाठी मागून नेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. "मी म्हटलं, प्रभू, मी तुले इचारून राह्यली का जगू कायले, अन् तू गिऱ्हाईक धाडून राह्यला!" हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं. मी मात्र मनात म्हणायची, एवढं सोपं असतं होय?

त्यांच्या लोकांनाही ते सोपं वाटत नव्हतं. एकदा त्यांचे पाळक आले आणि दारातच उभे राहिले. "ताई, मूर्तीपुढच्या वाती करून राह्यल्या तुम्ही. शोभते का?"

"पाळकसाहेब, देवानं हात दिले. या हातांले हेच येते. वात मी करते, पेटवणारा त्याच्या श्रद्धेनं पेटवते. आत या, चहा घ्या."

पाळक चहा न घेता गेले. मला बरं वाटलं. म्हणजे संशय फक्त मलाच नव्हता.

कामाला लागून थोडे दिवस झाले तशी त्यांनी मला दारासमोर, स्वतःच्या पुढ्यात बसवलं होतं. तिथून मी एक गोष्ट आणखी पाहिली होती आणि तीच मला सगळ्यांत जास्त खटकायची. काम करता करता मार्थाबाईंच्या ओठांवर त्यांचं गाणं यायचं, चर्चमधलं. ते आलं की त्या हातातला कापूस खाली ठेवायच्या. हात पदराला पुसायच्या. गाणं संपलं की मग कापूस पुन्हा उचलायच्या. प्रत्येक वेळी. बाकीच्या बाया माना खाली घालून वळत असायच्या, त्यांना काही दिसायचं नाही. मी विचार करायची, हात का पुसते ही? काय लपवते?

मग मोबाइलवर तो व्हिडिओ आला. शटरला कपाळ लावलेल्या मार्थाबाई, आणि खाली लिहिलेलं की ही बाई वातींवर मंत्र टाकून हिंदूंच्या घरात पाठवते. चित्र समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढल्यासारखं दिसत होतं. त्या दुकानात मी अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी दिग्रसचे शेटजी मोबाइल हातात धरूनच आत आले. कार्तिकाचा सगळा माल बांधून तयार होता, तो तेच उचलणार होते. तो माल पडून राहिला असता तर खोलीच बंद पडली असती. आम्ही नऊ जणी पुन्हा दुसऱ्यांच्या वावरात निंदायला.

"बाई, ये क्या है? सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यलं. माझे गिऱ्हाईक देवळावाले. हा माल मी नेऊ कसा?"

"शेटजी, मी प्रार्थना करते," मार्थाबाई म्हणाल्या. "शटरपाशी करते. खोटं कायले बोलू?"

"अन् मालावर?"

"मी नाई म्हटलं तर तुम्ही मानसान का?"

"तुमच्या म्हणण्यावर नाही. यांच्यातली कोणी सांगो." त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

बाकीच्या बाया हातातल्या वातींकडे बघू लागल्या. बेबीसुद्धा पदराचं टोक पिळत बसली. त्या तरी काय सांगणार? त्यांनी पाहिलंच नव्हतं. मार्थाबाई कोणाकडेही बघत नव्हत्या. मी चार माणसांत कधी बोललेली नाही. सोयरे आले तर पाणीही जावेच्या हाती पाठवते.

"म्या पाह्यलं," मी म्हणाले.

"काय पाह्यलं?"

"म्या याइच्यावर नजर ठेवून आहे. आली तवापासून."

बेबी फिसकन हसली. मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. "गाणं तोंडात आलं का या कापूस खाली ठेवतात. हात पुसतात. गाणं झाल्याबिगर वातीले शिवत नाई. एकडाव बी चुकल्या नाई. चुकल्या असत्या तर पहिले मीच घरी सांगितलं असतं. माही सासू वाटच पाहून राह्यली."

शेटजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू हिच्या बाजूनं आहे का विरोधात?"

"मले नाई माईत. पाह्यलं थे सांगितलं."

त्यांनी एक फुलवात उचलून बोटांत फिरवली. मग हमालाला हाक मारली. जाताना म्हणाले, "माल नेतो. पण बाई, ते शटरपाशी उभं राहणं तेवढं घरूनच करून येत जा."

"ते तसंच राहीन, शेटजी," मार्थाबाई म्हणाल्या. शेटजी पुटपुटत गेले, पण माल गेला.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "पंचफुला, तुले दारासमोर काहून बसवलं, माईत आहे?"

"उजेड चांगला म्हणून."

"नाई वं. तू चोरून पाहे. मान वाकडी करू करू एखांद्या दिवशी लचक भरली असती. म्हटलं, समोरच बसवा, नीट पाहू दे."

मला मान वर करवेना. तशीच मी विचारलं, "कापूस खाली काहून ठेवता?"

"पहिले प्रार्थना करता करताच वळो. मंग विकाले लागली, तवा मनात आलं, वात दुसऱ्याच्या देवघरात जाते. तिच्यात माही प्रार्थना लपवून धाडली तर ते चोरीच झाली. माह्या प्रभूले कोणाच्या घरात चोरून जा लागत नाई."

"अन् शटरपाशी काय म्हणता?"

"म्हणते, मार्था, आज वात आखूड वळू नको." आणि त्या खो खो हसल्या. मी अर्धा विश्वास ठेवला.

मार्थाबाई यंदा नाताळानंतर गेल्या. थोडा ताप आला आणि गेल्या. आम्ही सगळ्या बाया मातीला गेलो. घरी आले तर सासूबाईंनी देवापुढे मार्थाबाईंच्या पुड्यातली वात लावली होती. इतकी वर्षं त्यांनी ती घरात येऊ दिली नव्हती. समईशी वाकून ज्योतीकडे बघत म्हणाल्या, "काजळी नाई धरत वं."

संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. तो नसता तर त्या दिवशी सांगायला माझ्याजवळ काय होतं?

आता खोली त्यांची नागपूरची पुतणी बघते, पण किल्ली माझ्याकडे असते. मला त्यांची प्रार्थना येत नाही आणि मी ती म्हणतही नाही. पण किल्ली लावण्याआधी हात आपोआप थांबतो, कपाळ थंड शटरला टेकतं, आणि मी स्वतःलाच सांगते, पंचफुला, आज वात आखूड वळू नको. मागच्या आठवड्यात तांड्यावरची एक नवी सून कामाला लागली. परवा शटरपाशी मी मागे वळले तर ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती.

मी तिला दारासमोर बसवलं.