बर्फावरच्या माणसाचं रिकामं वर्ष

वर्ध्यातल्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये मी नव्वदच्या दशकात इंग्रजी टायपिंग शिकले, तिथेच काही वर्षांनी नोकरीला लागले. तोवर टायपिंगची मशीनं भंगारात गेली होती, कॉम्प्युटर आले होते आणि पाटीवर 'इन्स्टिट्यूट'च्या जागी 'सेंटर' लागलं होतं. सर तेच होते. देवळीहून एसटीनं येणाऱ्या आम्हा मुलींच्या वडिलांना ते देवमाणूस वाटायचे, कारण ते मुलींकडे मान वर करून बघत नसत. ते बघत मुलींच्या कागदांकडे. कामावर घेताना दोन वर्षांचा करार करायचा आणि शाळेच्या दाखल्यापासून डी.एड.च्या गुणपत्रिकेपर्यंत सगळे मूळ कागद त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवायचे, अशी तिथली रीत होती.

"पोरी काम शिकतेत आन् लगन करून चालल्या जातेत," ते म्हणायचे. "मंग मी काय करू?"

मीही कागद दिले. डी.एड. होऊन घरी बसले होते, शिक्षकांच्या जागा निघत नव्हत्या, आणि सेंटरमध्ये निदान पंख्याखाली बसायला मिळत होतं.

नागपूरच्या एका मध्यस्थाकडून आम्हाला परदेशातली कामं यायची. एका उन्हाळ्यात आलेलं काम भलतंच होतं. इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका व्यावसायिक खेळाडूचं चरित्र होतं, ते सुधारायचं होतं. त्या खेळाडूचं काम बघणाऱ्या कोणाला तरी ते फारच त्रोटक वाटत होतं. माझं इंग्रजी बरं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मला हॉकी माहीत होती ती मैदानावरची. बाहेर वैशाखाचं ऊन, उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टाकायची पाळी माझी, आणि मी शोधत होते की खेळायचा बर्फ गुळगुळीत कसा ठेवतात. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण, तीही देवळीचीच, त्या खेळाडूवरून मला रोज चिडवायची, "का वं, तुह्या नवऱ्याचं का झालं? जिंकला का काल?"

हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. ज्ञानकोशाचे नियम मी बसून वाचून काढले. प्रत्येक वाक्याला छापील आधार हवा, स्तुती नको. सरांनी मला 'महान', 'झुंझार', 'लाखोंचा लाडका' असली विशेषणं घालायला लावली, की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातली अनोळखी माणसं ती खोडायची आणि विचारायची, कशावरून? मला ती माणसं आवडायला लागली. आमच्याकडे कोणी मला काही विचारलं तर ते 'कोणाची पोरगी' एवढंच असायचं. कशावरून, असं तोवर कोणी विचारलं नव्हतं.

त्या खेळात एक गोष्ट होती, तिचा मला हेवा वाटायचा. कोणी आडदांडपणा केला की त्याला काचेच्या खोपटात नेऊन बसवतात. दोन मिनिटं. शिक्षा कधी संपणार ते घड्याळात सगळ्यांना दिसत असतं. मी कपाटाकडे बघायचे आणि माझा करार संपायला किती महिने उरलेत ते आठवायचे.

चरित्रात खाली प्रत्येक वर्षाच्या खेळाचा तक्ता होता. त्यात एका वर्षापुढे नुसत्या आडव्या रेघा होत्या. जखम नाही, आजार नाही, मग खेळला का नाही? मी जुन्या बातम्या धुंडाळल्या. त्याच्या गावाकडच्या एका वर्तमानपत्रात सापडलं. त्याचं ज्या संघाशी बिनसलं होतं, त्या संघाचा त्याच्यावर हक्क होता. दुसरीकडे खेळायची परवानगी नव्हती. मग गडी सरळ घरीच बसला, वर्षभर. गावातल्या मैदानात लहान मुलांसाठी बर्फ सारखा करायचं यंत्र चालवत राहिला. शेवटी संघानं त्याला सोडलं. हे सगळं मी बातमीचा आधार देऊन चार वाक्यांत लिहिलं. त्या चार वाक्यांइतकं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच आठवड्यात, अखेर निघालेल्या शिक्षकभरतीत माझी शिक्षणसेवक म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं. गुरुवारी मूळ कागदपत्रं घेऊन जिल्हा परिषदेत हजर व्हायचं, नाहीतर नाव रद्द. मी सरांकडे कागद मागितले.

"करार पुरा होऊ दे," सर म्हणाले. "सरकारी जागा निघतच राह्यतेत."

"सर, पडताळणी करून लगेच परत आणून देईन."

"आन् नाई आणले तं?"

झेरॉक्स चालतील का म्हणून मी जिल्हा परिषदेत विचारून आले. चालत नव्हत्या. रात्री जेवण गेलं नाही. मी आईला म्हटलं, मी उद्यापासून कामावर जातच नाही, घरी बसते. त्या खेळाडूचंही सांगितलं.

"तो बाप्या माणूस होय," आई म्हणाली. "तो घरी बसला तं पेपरात आलं. तू घरी बसशीन तं लोक म्हणतीन पोरीचं लगन जुळलं. कागद कोन देईन मंग?"

तिच्यावर चिडले, पण तिचं खरं होतं. बुधवारी सकाळी मी निमूट एसटीत बसले.

सेंटरमध्ये नागपूरचा निरोप आलेला होता. खेळाडूच्या माणसांना ते भांडणाचं वर्ष पानावर नको होतं. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काढ ते."

"सर, त्याले बातमीचा आधार आहे. कारण नसताना वारंवार काढलं तं ते लोक साऱ्या सेंटरले तिथं लिहू देत नाईत."

"मले शिकवू नको. पैसे देणारा म्हणते ते करायचं."

एकदा सांगून झालं होतं. मी ते वर्ष काढलं. थोड्या वेळात कोणीतरी परत लावलं. सर म्हणाले, काढ. मी काढलं. परत लागलं, आणि सोबत ताकीद आली. ती मी सरांना मराठीत वाचून दाखवली.

"काढ म्हनलं ना!"

माझीच चार वाक्यं मी पुन्हा पुन्हा पुसत होते, आणि ती कोणीतरी परत लावावीत म्हणून मनात धावा करत होते. आयुष्यभर मी सांगितलेलं ऐकत आले, पण त्या दिवसाइतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. दुपारी पडद्यावर पाटी आली. आमच्या सेंटरमधून आता कोणालाही तिथे लिहिता येणार नव्हतं.

नागपूरहून फोन आला. सर फोनवर गयावया करत होते. फोन ठेवून माझ्यावर ओरडले, "साऱ्या सेंटरचं तोंड बांधलं तुनं! काय कामाची तू आता? उचल तुह्ये कागद आन् निघ इथून!"

त्यांनी कपाट उघडलं आणि माझी फाइल टेबलावर आपटली. मी ती छातीशी धरली. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, की यांचं मन बदललं तर? मैत्रीण खुर्चीवरून अर्धी उठून कपाटात बघत होती. तिची फाइल माझ्या फाइलच्या खालीच होती. सरांनी दार लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. ती परत खाली बसली. मी तिच्याशी एक शब्दही न बोलता शटरखालून वाकून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेत बाबूनं एकेक कागद उलटून बघितला, झेरॉक्सवर शिक्के मारले आणि माझी फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"ओरिजनल आहेत ताई, जपून ठेवजा. कोनाजवळ देत नका जाऊ."

मला एकदम रडू फुटलं. बाबू गोंधळला, पाणी आणायला सांगून म्हणाला, "नोकरी लागली ना तुमाले? मंग रडता काऊन?"

मी त्याला काय सांगणार? घड्याळात साडेअकरा वाजले होते, आणि माझी मैत्रीण शटर खाली ओढलेल्या त्या खोलीत कूलरच्या ताट्यांवर पाणी टाकत असणार होती.