'येतो' न म्हणता

आमच्याकडं घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. चुकून 'जातो' निघालं तोंडातून, तर म्हातारी माणसं अंगावर येतात. माझ्या मित्रानं ही रीत प्रोग्रॅमलाही लावली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उचगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही दोघं पर्ल नावाच्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायचो. त्यातला एक, साखर कारखान्याचा, दिवसभर वजनकाट्यावरचे उसाचे आकडे गोळा करायचा आणि काय काय केलं ते लॉग फाइलमध्ये लिहायचा. ती फाइल संध्याकाळी मोडेमवरून आमच्याकडं यायची. तिच्या पहिल्या ओळीत 'आलो', काम धड संपलं की शेवटच्या ओळीत 'येतो'. तेही रोमन अक्षरांत, मराठी उमटवायची सोय कुठली! मध्येच काही बिघडलं, तर शेवटचं 'येतो' नसायचं. मग मित्र ओरडायचा, "बघ की, न सांगता गेलंय बेणं!" आणि आम्ही चूक शोधायला बसायचो.

पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. "दोन-तीन म्हैनं बघतो. न्हाय जमलं तर हाय की ही खुर्ची," म्हणायचा. तो निघणार त्या दुपारी नेमका कारखान्याचा फोन आला, काट्याचे आकडे येत नाहीत म्हणून. मी हुज्जत घालत बसलो. फोन ठेवून वळलो तर खुर्ची रिकामी. जिन्यावर पाय वाजले असतील, तरी गिरणीच्या आवाजात ऐकू येणार कसे?

राग आला. त्याहून जास्त एकटं वाटलं. हा परत येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि 'येतो' तर ऐकू आलंच नव्हतं; आमच्याच नियमानं बघितलं तर काहीतरी बिघडलं होतं. त्याची खुर्ची मी हलवली नाही. जेवणाचा डबा घेऊन खाली गिरणीवाल्याकडं जायचो, पण गिरणीचा पट्टा चालू असला की त्यालाही माझं काही ऐकू यायचं नाही.

हंगाम संपत आला तेव्हा त्याचा फोन आला.

"काय गा, बेणं चाललंय न्हवं?"

"चाललंय की. तू कवा येतोयस?"

पलीकडून त्याच्या ऑफिसातली गडबड ऐकू येत होती.

"बघू," तो म्हणाला. "बरं, ठेवतो."

फोनवर 'ठेवतो'च म्हणतात, एवढं मलाही कळतं. तरी 'येतो' म्हणेल म्हणून रिसीव्हर कानालाच ठेवला.

संध्याकाळी फाइल आली. कुठं काही बिघडलं नव्हतं. सगळ्यात शेवटी, त्यानंच लिहून ठेवलेलं, 'येतो'.