मी रागावलेली नाही

"काकू, रागावून राहिल्या काय माझ्यावर?"

दार उघडलं की तिचं पहिलं वाक्य हेच. हातात माझाच स्टीलचा डबा, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं आणि नजर माझ्या कपाळावर, आठ्या शोधत. मी रागावलेली नसायचे. पण दिवसातून तीनदा हेच विचारलं तर देवमाणसालाही राग येईल, हे तुम्हीही मान्य कराल.

ती अकोल्याची. वारज्यात आमच्या इमारतीमागे अजून ज्वारीची शेतं होती आणि संगणक कंपन्यांतली मुलंमुली भाड्यानं राहायला येऊ लागली होती, तेव्हा तिनं आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. तिची कामाची पाळी अमेरिकेच्या वेळेची, कंपनीची बस दुपारी साडेचारला. माझी शाळा सकाळची. म्हणजे दुपारी मजल्यावर आम्ही दोघीच, आणि एक ते चार मी झोपते.

पहिले आठ दिवस मी देवी होते. "अख्ख्या पुण्यात तुमच्यासारखं कोणी नाही!" इथे जन्म काढला, पण असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी हुरळले, डबाभर मेथीचे लाडू दिले. नवव्या दिवशी दोन वाजता ती बेल वाजवत राहिली आणि मी कूस बदलून झोपले. उठून बघते तर डबा माझ्या कडीला लटकवलेला. घासून लख्ख, आणि रिकामा.

आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. मला ते फार लागलं. दोन दिवसांनी ती स्वतःचा डबा घेऊन आली. त्यात झाकण लागणार नाही इतकी सांबारवडी (सांबार म्हणजे त्यांच्याकडची कोथिंबीर) आणि डोळ्यांत पाणी. मग तोच प्रश्न.

पुढे हे असंच चाललं, कधी रिकामा डबा, कधी ओसंडणारा. ऑफिसातही आज साहेब देवमाणूस, उद्या त्याच्याच टेबलावर राजीनामा. नोकऱ्या भराभर मिळायचे दिवस होते म्हणून निभावलं. आमचे हे म्हणायचे, "रेडिओवर हवामान कशाला ऐकतेस? समोरचा डबा बघ." इमारतीतल्या बायका म्हणायच्या, नाटकं आहेत नुसती. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे.

शेवटी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पोरीला वळण लावायचं ठरवलं. एके दिवशी तिचा डबा मी रिकामाच परत केला. मुद्दाम, तिच्या कडीला लटकवून.

साडेचारची बस खाली हॉर्न वाजवून निघून गेली, ती उतरली नाही. मी दार ठोठावत राहिले. बऱ्याच वेळानं उघडलं. मनगटाला टॉवेल गुंडाळलेला होता आणि तो लाल झाला होता. "तुम्हीपण सोडलं न काकू," एवढंच म्हणाली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला त्या डब्याची लाज वाटत होती. आजही वाटते.

जखम बांधणाऱ्या डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. चार-पाच भेटींनंतर बाईंनी नाव सांगितलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. पोरगी मला आत घेऊनच बसली होती. मी विचारलं, "म्हणजे नाटक नाही?"

"नाही. तुम्हाला बंद दार म्हणजे बंद दार. हिला ते कायमचं बंद झाल्यासारखं वाटतं, आणि ते खरोखर दुखतं. यातून माणसं बरी होतात, पण वेळ लागतो."

"मी काय करू?"

"झेपेल तेवढंच कबूल करा. कबूल केलेलं मात्र चुकवू नका. आणि तुमची झोप सोडू नका, नाहीतर तुम्हीच कंटाळाल."

ती दर आठवड्याला बाईंकडे जाऊ लागली, शनिवारी तिथल्याच उपचारगटात. मी घरी येऊन दारावर पाटी लावली. पुणेकर आणखी काय करणार?

"दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. मी रागावलेली नाही. ४ वाजता चहा मिळेल."

सगळी इमारत हसली. ती मात्र रोज पाटीसमोर उभी राहायची, ओठ हलवत वाचायची आणि परत जायची. मला आतून पावलं ऐकू यायची. चारला बेल, चहा, मग बस. कधी मध्येच दोनला बेल वाजली, कधी महिनाभर बोलणं बंद, एकदा चहाचा कपही फुटला. चहा मात्र मी चुकवला नाही. वर्षं गेली, डबे झाकण लागेल इतकेच भरून येऊ लागले.

मग तिला बंगळूरची नोकरी लागली. जायच्या दिवशी तिची गाडी तीनला येणार होती. जन्मात प्रथमच मी दुपारची झोपले नाही. निरोपाचे लाडू घेऊन दाराआड खुर्ची टाकून बसले. पावलं आली, थांबली, गेली. सामान न्यायला गेली असेल, आता बेल वाजेल म्हणून बसून राहिले. साडेतीनला दार उघडलं. समोर कुलूप होतं आणि माझ्या कडीला डबा. आत बेताची सांबारवडी आणि चिठ्ठी: "तुम्ही झोपल्या असाल. मी रागावून नाही राहिली. चारला चहा घेजा."

मी तडक मोबाइल लावला. माझा श्वास ऐकूनच तिनं विचारलं, "काकू, रागावून राहिल्या काय माझ्यावर?"

"हो!" मी ओरडले. "चांगलीच रागावलेय. बेल वाजवायची होतीस गं!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आणि पलीकडे ती हसली. पोटभर, अकोल्याला ऐकू जाईल इतकी हसली.